दोन शहाबाद

शहाबाद हे नाव मराठी माणसाला फरशीमुळे ठाऊक आहे. माजघराची जमीन, न्हाणीघर, शाळेचा व्हरांडा, देवळाचा सभामंडप, कोठे ना कोठे शहाबादी फरशी आपल्या पायाखाली आलेली असते. हा दगड जेथून येतो ते शहाबाद कर्नाटकाच्या कलबुर्गी जिल्ह्यात, मुंबईहून चेन्नईस जाणाऱ्या लोहमार्गावर आहे. परंतु ह्या देशात आणखी एक शहाबाद आहे. हरयाणातील कुरुक्षेत्र जिल्ह्यातले ते शहाबाद मारकंडा. तेथून हॉकीचे खेळाडू येतात. २०२१ साली टोकियो येथे भरलेल्या ऑलिंपिक स्पर्धेत भारताच्या महिला संघाने उपांत्य फेरी गाठून चौथा क्रमांक मिळविला, तेव्हा संघाची कर्णधार राणी रामपाल आणि तिच्या सहकारी नवनीत कौर व नवज्योत कौर ह्या तिघीही त्या एका लहानशा गावच्या मैदानावर, बलदेव सिंग ह्या एका प्रशिक्षकाच्या हाताखाली तयार झालेल्या होत्या.

एका शहाबादेतून खेळाडू यावेत आणि दुसऱ्यातून केवळ फरशी यावी, ह्याचे कारण हवापाण्यात शोधून सापडणार नाही. काटक मुले दोन्हीकडे जन्मास येतात. गरिबीही दोन्हीकडे आहे. अंतर पडते ते मैदानाशी उभा असलेला मनुष्य कोणाला किती वेळ खेळू देतो, ह्या एका साध्या गोष्टीने. बीदर आणि कलबुर्गी ह्या सीमेवरच्या जिल्ह्यांच्या निमित्ताने हॉकी प्रशिक्षणातील ह्या प्रश्नाचा, आणि त्यातही आघाडीच्या फळीत खेळू पाहणाऱ्या मुलामुलींच्या वाट्यास येणाऱ्या विषम संधीचा विचार आज आम्ही करीत आहोत.

राणी रामपालची हकिगत तिने स्वतः अनेकदा सांगितली आहे. वडील हातगाडी ओढीत. हॉकी शिकण्यासाठी ती मैदानावर गेली तेव्हा प्रशिक्षकांनी तिला प्रथम परत पाठविले. मुलगी कुपोषित दिसते, सरावाचा ताण तिला सोसवणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. मैदानाच्या कडेला सापडलेल्या मोडक्या काठीने तिने सराव सुरू ठेवला आणि पुन्हापुन्हा विनवणी करून आत प्रवेश मिळविला. प्रत्येक खेळाडूने रोज अर्धा लिटर दूध आणावे असा दंडक होता. घरची ऐपत तेवढी नसल्यामुळे थोड्या दुधात पाणी घालून ती ते पीत असे. हीच मुलगी २०१० साली अर्जेंटिनातील रोझारिओ येथे झालेल्या विश्वचषक स्पर्धेत वयाच्या पंधराव्या वर्षी भारताच्या आघाडीला खेळली आणि तिने सात गोल केले.

ही कथा जिद्दीची म्हणून सांगितली जाते, आणि ती तशी आहेच. परंतु संपादकाच्या मेजावरून पाहताना तिची दुसरी बाजू आम्हांस अधिक अस्वस्थ करते. प्रशिक्षक अनुभवी होते, हेतू वाईट नव्हता, तरीही पहिल्या दिवशी त्यांची नजर चुकली. मुलगी हट्टी निघाली म्हणून ती चूक दुरुस्त झाली. जी मुले हट्टी नव्हती, ज्यांच्या आईबापांनी ‘राहू दे, घरी चल’ म्हटले, त्यांची नावे कोणत्याही वहीत नाहीत. पहिल्या नकाराने घरी परतलेल्या मुलांची मोजदाद आपल्या देशात कोणीच ठेवीत नाही.

आता कलबुर्गीच्या शहाबादकडे वळू. बीदर आणि कलबुर्गी हे जुन्या निजामी राज्यातले जिल्हे. गोमंतकीय वाचकाला त्यांच्याविषयी एक आपलेपणा वाटावा असे कारण आहे. १५ ऑगस्ट १९४७ रोजी देश स्वतंत्र झाला, पण त्या दिवशी स्वातंत्र्य जसे आपल्या वाट्यास आले नाही, तसे त्यांच्याही आले नाही. हैदराबाद संस्थान १७ सप्टेंबर १९४८ रोजी मुक्त झाले. आपल्याला १९ डिसेंबर १९६१ पर्यंत थांबावे लागले. पुढे १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत बीदर जिल्ह्याचे तुकडे झाले. उदगीर, निलंगा, अहमदपूर हा भाग मुंबई राज्याकडे गेला. बीदर, भालकी, औराद, हुमनाबाद म्हैसूर राज्यात राहिले. भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद ह्या भागांत आजही घरोघर मराठी बोलली जाते. सीमाप्रश्नाची चर्चा आम्ही ह्या स्तंभात अनेकदा केली आहे. आज ती करण्याचे प्रयोजन नाही. खेळाच्या दृष्टीने एवढेच ध्यानात घ्यावयाचे की, बीदरपासून हैदराबाद सुमारे दीडशे किलोमीटरवर आहे, तर राजधानी बंगळूर सुमारे सातशे किलोमीटरवर. ज्या शहराशी ह्या प्रदेशाचा शतकानुशतकांचा राबता, ते परराज्य झाले, आणि निवड चाचणीसाठी मुलाला जावे लागते ते शहर रात्रभराच्या प्रवासापलीकडे राहिले. एवढेच काय, बीदर आणि कलबुर्गी ही शेजारची दोन गावे सुमारे ११० किलोमीटरच्या थेट लोहमार्गाने जोडली जाण्यास ऑक्टोबर २०१७ उजाडावा लागला.

कर्नाटकाच्या हॉकीचा लौकिक मोठा आहे. १९७३ च्या विश्वचषक स्पर्धेत भारताचे नेतृत्व करणारे एम. पी. गणेश, १९८८ च्या सोल ऑलिंपिकमधील कर्णधार एम. एम. सोमय्या, आघाडीचे बी. पी. गोविंदा, अलीकडचे अर्जुन हलप्पा आणि एस. व्ही. सुनील ही नावे कोणाही रसिकाच्या जिभेवर असतात. पण ही मालिका प्रामुख्याने कोडगू जिल्ह्याची आहे, आणि तिचे दुसरे टोक बंगळुरात आहे. राज्याच्या उत्तर टोकाची गणना ह्या नामावळीत क्वचितच होते. बीदरच्या जांभ्या दगडाच्या पठारावर आणि कलबुर्गीच्या तुरीच्या काळ्या रानात काटक मुलांची वाण आहे असे कोणी म्हणणार नाही. मग आडात नाही म्हणून पोहऱ्यात नाही, की पोहरा आडापर्यंत पोहोचतच नाही, हा प्रश्न विचारावाच लागतो.

आघाडीच्या खेळाडूंचाच विचार येथे वेगळा का करावा, असे वाचक विचारील. त्याचे कारण खेळाच्या रचनेत आहे. पूर्वी हॉकीत पाच आघाडीचे खेळाडू असत: दोन्ही बाजूंचे आउट, दोन्ही बाजूंचे इन आणि मध्ये सेंटर फॉरवर्ड. आज बहुतेक संघ तिघांनाच पुढे ठेवतात. जागा पाचाच्या तीन झाल्या. दुसरीकडे बदली खेळाडू कितीही वेळा आत-बाहेर करण्याची मुभा नियमांनी दिली आणि खेळ पंधरा-पंधरा मिनिटांच्या चार सत्रांत विभागला गेला. सतत धावणाऱ्या आघाडीच्या फळीत ही अदलाबदल सर्वांत अधिक होते. बचावपटू बहुधा सामनाभर मैदानात राहतो. आघाडीच्या मुलाचे भवितव्य मात्र प्रशिक्षकाने दाखविलेल्या बोटावर दर काही मिनिटांनी ठरते.

हिशेब मांडून पाहा. तीन जागा, साठ मिनिटे, म्हणजे एका सामन्यात आघाडीच्या खेळाची एकशे ऐंशी मिनिटे वाटावयास मिळतात. संघात आघाडीची सहा मुले असतील तर प्रत्येकाच्या वाट्यास तीस मिनिटे येतात. आता प्रशिक्षकाने आपल्या पसंतीच्या तिघांना पन्नास-पन्नास मिनिटे दिली, तर उरलेल्या तिघांना दहा-दहा मिनिटे मिळतात. आणि तीही सामना एक तर जिंकलेला वा हरलेला असताना, जेव्हा चेंडू फारसा पुढे येत नाही. वर्षाकाठी पाच सामने होत असतील तर पहिल्या तिघांना अडीचशे मिनिटे मिळतात, दुसऱ्या तिघांना पन्नास. वर्षअखेर निवड समिती बसते आणि म्हणते, ह्या तिघांना वर्तुळात शिरण्याचे भान आहे, त्या तिघांना नाही. भान येणार कोठून? गोलरक्षक पुढे सरसावत असताना पाव सेकंद थांबून चेंडू उचलावा की सरळ ढकलावा, हे फळ्यावर शिकविता येत नाही. ते शंभर वेळा चुकून शिकावे लागते. ज्याला चुकण्यास वेळच दिला नाही, त्याच्या चुका मोजून त्याला नालायक ठरविणे हा न्याय नव्हे.

आमच्या प्रतिपादनाचे सार एवढेच आहे. कोवळ्या वयात संधी हे गुणाचे बक्षीस मानले जाते, पण वास्तविक गुण तिच्यातूनच घडतो. भांडे चाकावर ठेवण्यापूर्वीच त्याचा आकार चांगला नाही म्हणणाऱ्या कुंभाराला आपण शहाणा म्हणणार नाही.

प्रशिक्षकाची नजर कोठे कोठे चुकते, हे पाहणेही उद्‌बोधक आहे. पहिला चकवा वयाचा. रॉजर बार्न्सली ह्या कॅनडातील मानसशास्त्रज्ञाने १९८० नंतरच्या दशकात आपल्या सहकाऱ्यांसह तेथील बर्फावरच्या हॉकीचे खेळाडू तपासले, तेव्हा त्यांत जानेवारी ते मार्च ह्या महिन्यांत जन्मलेल्यांची संख्या फार मोठी आढळली. वयोगटाची गणना १ जानेवारीपासून होत असल्यामुळे ही मुले आपल्याच गटातील इतरांहून आठ-दहा महिन्यांनी मोठी, म्हणून अंगाने थोराड. आणि थोराड म्हणून गुणवान समजली गेलेली. त्यांना अधिक सराव मिळाला, अधिक सामने मिळाले, आणि मग ती खरोखरच गुणवान झाली. आपल्याकडे गुंता आणखी मोठा आहे. महाराष्ट्रात काय किंवा उत्तर कर्नाटकात काय, जन्माची नोंद नसलेल्या मुलाची तारीख शाळेत घालताना गुरुजींनी १ जून लिहून टाकण्याची जुनी वहिवाट आहे. शाळेच्या दाखल्यावर ज्यांचा वाढदिवस एकच आहे, त्यांच्या खऱ्या वयात वर्षाचाही फरक असू शकतो. चौदा वर्षांखालील सामन्यात जो मुलगा चार जणांना खांद्याने हटवून पुढे जातो तो कदाचित पंधरा-सोळा वर्षांचा असेल, आणि ज्याला किरकोळ म्हणून बाकावर बसविले तो कदाचित बारा-तेराचा. दोन वर्षांनी पहिल्याचा जोर संपतो. दुसरा तोवर मैदान सोडून गेलेला असतो.

दुसरा चकवा माणसाच्या गावावरून आणि अंगयष्टीवरून त्याची जागा ठरविण्याचा. ओडिशाचा सुंदरगढ जिल्हा आणि त्याला लागून असलेला झारखंडचा सिमडेगा ही आदिवासी हॉकीची मोठी खाण. राउरकेल्याजवळचे पानपोष येथील क्रीडा वसतिगृह १९८५ साली सुरू झाले आणि तेथून राष्ट्रीय खेळाडूंची रांग लागली. परंतु ह्या टापूतून देशभर गाजलेल्या पुरुष खेळाडूंची नावे आठवून पाहा. १९७५ च्या विश्वविजेत्या संघातील मायकेल किंडो, मग दिलीप तिर्की, लाझारस बार्ला, वीरेंद्र लाक्रा, अमित रोहिदास. ही सारी बचाव फळीतली माणसे. गोल करणारे क्वचित, गोल थोपविणारे पुष्कळ. ह्यात कोणाचा डाव होता असे आम्ही म्हणत नाही. त्या थोरांची थोरवी बचावातच प्रकट झाली हेही खरे. तरीही एकाच मातीतली मुले पिढ्यानपिढ्या मागेच का उभी राहिली, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे. ‘ही मुले दणकट, दमदार, सांगितलेले ऐकणारी, ह्यांना मागे ठेवा. पुढे चलाख पोर हवे,’ असे गृहीतक बोलून न दाखविताही काम करीत असते. अलीकडे सिमडेग्याच्याच संगीता कुमारी आणि ब्यूटी डुंगडुंग ह्या मुली भारताच्या आघाडीला खेळल्या. चलाखी त्या मातीत नव्हती असे नाही, हे त्यांनी दाखवून दिले.

तिसरा चकवा मैदानाचा. १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकपासून मोठी हॉकी कृत्रिम हिरवळीवर आली आणि त्याच वेळी आठव्यांदा सुवर्णपदकाची स्वप्ने पाहणारा भारत सातव्या क्रमांकावर फेकला गेला. मातीवर चेंडू उसळतो, दबतो, वळतो. हिरवळीवर तो सपाट आणि वेगाने येतो. मातीवर वाढलेला आघाडीचा मुलगा निवड चाचणीच्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा हिरवळीवर उभा राहतो तेव्हा पहिले दहा चेंडू त्याच्या काठीखालून निसटतात. बचावपटूची एखादी चूक सहकारी झाकून घेतो. आघाडीच्या मुलाची प्रत्येक चूक उघड्यावर होते. चाचणी अर्ध्या तासाची असेल तर तो घरी परततो. तीच चाचणी तीन दिवसांची असेल तर तिसऱ्या दिवशी तो कदाचित सर्वांना मागे टाकील. मैदान बांधण्यास कोटींचा खर्च आहे. चाचणी तीन दिवसांची करण्यास भाताची आणि अंथरुणाची सोय पुरते.

चौथा चकवा भाषेचा. मुलाला सूचना ज्या भाषेत मिळते ती त्याला नीट उमजली नाही, तर दोष समजुतीचा असतो. पण वहीत नोंद होते ती ‘मंद’ अशी. बीदर-कलबुर्गीच्या शाळांत कन्नड, मराठी, उर्दू आणि दखनी बोलणारी मुले एकाच मैदानावर येतात. तेथल्या प्रशिक्षकाला ह्या सर्व भाषांत ‘थांब’, ‘दे’, ‘वळ’ एवढे तरी म्हणता आले पाहिजे. येथे आम्ही मराठीच्या बाजूने आणि कन्नडच्या विरुद्ध बोलत आहोत असा समज कोणी करून घेऊ नये. मुंबईत शिकू पाहणाऱ्या कानडी मुलासाठीही आमचे म्हणणे हेच राहील.

प्रशिक्षकांवर एकतर्फी आरोप करणे मात्र अन्यायाचे होईल. शाळेचा क्रीडाशिक्षक हा बिचारा कवायत, खो-खो, धावण्याच्या शर्यती, निवडणुकीचे काम आणि शिरगणती सांभाळून हॉकी शिकवीत असतो. वसतिगृहातल्या प्रशिक्षकाची किंमत त्याने आणलेल्या ढालींवर ठरते. ढाल आणावयाची तर आजचा बलवान मुलगाच मैदानात हवा. उद्याच्या मुलासाठी आजचा सामना पणाला लावण्याचे धैर्य नोकरी टिकविणाऱ्या माणसाकडून कसे अपेक्षावे? शिवाय पाटलांचा मुलगा, नगरसेवकाचा पुतण्या, मैदानाला देणगी देणाऱ्या व्यापाऱ्याचा नातू ह्यांची चिठ्ठी येते ती वेगळीच. वशिल्याने सेंटर फॉरवर्ड होता येते. गोलरक्षक होण्यासाठी मात्र वशिला लावल्याचे आमच्या ऐकिवात नाही! मानाची जागा थोडी, मागणारे फार, आणि देणारा एकटा, अशा ठिकाणी अन्याय होण्यास दुष्ट माणसाची गरज लागत नाही.

ह्या कोंडीतून सुटण्याचा एक मार्ग कर्नाटकानेच दाखविला आहे. पांडंड कुट्टप्पा ह्यांनी १९९७ साली कोडगूतील करडा येथे कोडव कुटुंबांची हॉकी स्पर्धा सुरू केली. पहिल्या वर्षी साठ कुटुंबांचे संघ उतरले. २०२४ साली नापोक्लू येथे ही संख्या ३६० वर गेली. तेथे संघ निवडीने बनत नाही, रक्ताच्या नात्याने बनतो. आजोबा, काका, सून, शाळकरी पोर ह्यांना खेळविल्यावाचून अकरा जण पुरे होत नाहीत. म्हणजे ज्या वयात अन्यत्र मुलाला बाकावर बसविले जाते, त्या वयात कोडगूतील मुलाला भर सामन्यात, हजारो लोकांसमोर, चेंडू मिळतो. कोडगूच्या यशाचे श्रेय लोक सैनिकी रक्ताला आणि डोंगरी हवेला देतात. आम्ही ते सामन्यांच्या संख्येलाही देऊ. सामने पुष्कळ असले की प्रशिक्षकाची एक चूक दुसऱ्या सामन्यात धुऊन निघते. वर सांगितलेल्या हिशेबातील दहा मिनिटेच घेतली, तरी वर्षाला चाळीस सामने झाले तर त्याच मुलाची चारशे मिनिटे होतात. दुष्काळात वाढप्याची पंक्तिप्रपंच करण्याची वृत्ती जितकी जाचते तितकी सुकाळात जाचत नाही.

जेथे असा सुकाळ नाही तेथे मुलगा दैवावर सोपविला जातो. पुण्याजवळच्या खडकीचा धनराज पिल्ले हे त्याचे मोठे उदाहरण. दारूगोळा कारखान्याच्या वसाहतीत, मोडक्या काठ्या बांधून खेळणारा हा किरकोळ मुलगा. मुंबईत हॉकी खेळणाऱ्या थोरल्या भावाने त्याला बोलावून घेतले आणि तेथे ज्योआकिम कार्व्हालो ह्यांच्यासारख्या ऑलिंपिक खेळाडूचे मार्गदर्शन त्याला लाभले. १९८९ साली तो भारताकडून खेळू लागला. चार ऑलिंपिक स्पर्धा खेळला. १९९८ साली बँकॉक येथे त्याच्या नेतृत्वाखाली भारताने आशियाई सुवर्णपदक मिळविले. भाऊ मुंबईत नसता तर? हा प्रश्न भालकीच्या आणि आळंदच्या मुलाच्या बाबतीत काल्पनिक राहत नाही. त्याचा भाऊ मुंबईत, पुण्यात किंवा हैदराबादेत असतोही, पण तो बांधकामावर असतो.

विषमता मोजण्याची आपल्या राज्यकर्त्यांस सवय नाही असे नाही. डॉ. डी. एम. नंजुंडप्पा समितीने २००२ साली कर्नाटकातील १७५ तालुके तपासून ११४ मागास ठरविले, आणि त्यांपैकी अतिमागास असे ३९ निवडले. त्यांत गुलबर्गा विभागाचा वाटा सर्वांत मोठा होता. पुढे घटनेच्या ९८ व्या दुरुस्तीने ३७१ (जे) हे कलम आले आणि ह्या प्रदेशातील मुलांना शिक्षणात व नोकरीत राखीव जागा मिळाल्या. २०१४ साली गुलबर्ग्याचे कलबुर्गी झाले, २०१९ साली हैदराबाद-कर्नाटकाचे कल्याण-कर्नाटक झाले. नावे बदलली, निधी आला, मंडळ स्थापन झाले. डॉक्टरकीच्या जागा मोजल्या जातात, शिपायाच्या जागा मोजल्या जातात. मैदानावरची मिनिटे मात्र कोणी मोजीत नाही. खेळ हा फावल्या वेळेचा विषय मानला जातो, म्हणून त्यातला अन्यायही फावल्या वेळेचा ठरतो. वास्तविक रेल्वेतील, पोलिसातील, सैन्यातील नोकरीचे दार खेळाडूसाठी ह्याच मैदानातून उघडते. दहा मिनिटांवर अडविलेला मुलगा केवळ पदकाला मुकत नाही, पुष्कळदा पगारालाही मुकतो.

काय करता येईल? आमच्या सूचना साध्या आहेत आणि त्यांना पैसा थोडा लागतो. पहिली, चौदा वर्षांखालील कोणत्याही अधिकृत सामन्यात संघातील प्रत्येक मुलाला किमान दोन सत्रे खेळविण्याचा नियम असावा. दुसरी, कोण किती मिनिटे खेळला ह्याची वही ठेवावी आणि ती महिन्याच्या अखेरीस शाळेच्या फलकावर लावावी. उघडी वही ही शंभर चौकशी समित्यांहून प्रभावी असते. तिसरी, सोळा वर्षांपर्यंत कोणाच्याही कपाळी बचाव किंवा आघाडी असा शिक्का मारू नये. प्रत्येकाने वर्षातून काही सामने पुढे आणि काही मागे खेळावे. चौथी, निवडलेल्यांच्या यादीबरोबर नाकारलेल्यांचीही यादी ठेवावी, आणि सहा महिन्यांनी त्यांना पुन्हा बोलवावे. पाचवी, प्रशिक्षकाचे मूल्यमापन ढालींवर न करता, तीन वर्षांनंतर त्याच्याकडची किती मुले अजून खेळत आहेत ह्यावर करावे. आणि सहावी, बीदर, कलबुर्गी, लातूर, सोलापूर आणि हैदराबाद ह्यांनी राज्यांच्या सीमा बाजूला ठेवून शालेय संघांचे वार्षिक सामने भरवावेत. १९५६ साली नकाशावर ओढलेल्या रेषेने चेंडूला अडविण्याचे कारण नाही.

ह्यावर एक आक्षेप ठरलेला आहे. खेळाचे मैदान म्हणजे रेशनचे दुकान नव्हे. तेथे वाटप चालत नाही, स्पर्धा चालते. आम्हांस हा आक्षेप मान्य आहे, परंतु योग्य वयासाठी. देशाचा संघ निवडताना सोळा जणांत सतरावा घेता येत नाही आणि तेथे दयामायाही दाखवू नये. पण बारा वर्षांच्या मुलाची देशाच्या संघासाठी निवड चाललेली नसते. तो शिकत असतो. वर्गात हुशार मुलालाच पाटी द्यावी आणि बाकीच्यांनी पाहत बसावे, असे शिक्षण जर आपण चालू देत नाही, तर मैदानावरच ते का चालावे?

राहता राहिला आपल्या घरचा प्रश्न. १९४८ साली लंडनला स्वतंत्र भारताने हॉकीचे पहिले सुवर्णपदक मिळविले, त्या संघात लिओ पिंटो, मॅक्सी वाझ, लॉरी फर्नांडिस, वॉल्टर डिसोझा अशी गोमंतकीय वंशाची माणसे होती. ती घडली मुंबईच्या क्लबांच्या मैदानांवर. आज म्हापशाच्या पेडें येथे हिरवळ आहे. २०२३ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धेतील हॉकीचे सामने तेथे झाले. मैदानाची सबब आपल्याला आता उरली नाही. पेडणे, सत्तरी, सांगे, काणकोण येथील शाळांतून किती मुले-मुली त्या हिरवळीवर सामना खेळली, आणि खेळली तर किती मिनिटे खेळली, हे आपल्या क्रीडाखात्याने वर्षातून एकदा जाहीर करावे. बीदर-कलबुर्गीच्या प्रशिक्षकांकडे बोट दाखविण्याचा अधिकार त्यानंतरच आपल्याला पोहोचेल. पावसाळा सरला की शालेय स्पर्धांचा हंगाम सुरू होईल. त्याआधी एक कोरी वही, एक घड्याळ आणि दोन्ही मांडून बसणारा एक प्रामाणिक मनुष्य प्रत्येक मैदानावर नेमला जावा, अशी आमची मागणी आहे.